मागचा ब्रेक आणि आईची आरडी

फ्रीज घ्यायचा असला की आपण चार दुकानं पालथी घालतो. किती लिटरचा, वीज किती खाणार, गॅरंटी किती वर्षांची, सगळं खोदून खोदून विचारतो. साडीच्या दुकानातली गोष्ट तर सोडाच! पण घरातल्या गाडीचा विषय निघाला की आपल्या तोंडाला एकदम कुलूप. ‘ते ह्यांनाच माहीत’, नाहीतर ‘आमच्या पोराला सगळं कळतं हो त्यातलं’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पैसे मात्र पुष्कळदा आपल्याच साठवणीतून जातात. म्हणून मैत्रिणींनो, आज जरा गाडीच्या ब्रेकबद्दल बोलायचं ठरवलंय. घाबरू नका, स्वयंपाकघरात रोज हाताळतो त्याच गोष्टींतून हे सगळं समजतं.

झालं असं, की माझ्या भिशीतल्या एका मैत्रिणीचा मुलगा डिप्लोमा करून एमआयडीसीत नोकरीला लागला आणि त्यानं जुनी होंडा सिटी घेतली. २००२ सालची, ‘व्हीटेक’ इंजिनची. आपल्याला ती नुसती जुनी गाडी दिसते. पण पोरांना विचारा! दीड लिटरचं इंजिन आणि शंभराहून जास्त अश्वशक्ती. त्या काळात साध्या घरातल्या गाडीत एवढा जोर कुठे होता? म्हणून हौशी मुलं अजूनही ही गाडी शोधून शोधून घेतात आणि तिच्यावर जीव टाकतात. या गाडीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. मुलाच्या डोक्यात आलं, मागचे ड्रम काढायचे आणि तिथंही डिस्क बसवायच्या. ‘चारी चाकांना डिस्क म्हणजे गाडी जागच्या जागी थांबते, आई.’ गॅरेजवाल्यानं अठ्ठावीस हजार सांगितले होते. मुलाकडे तेवढे नव्हते, आईची पोस्टातली आरडी मात्र होती.

गाण्याच्या सिस्टीमला मागितले असते तर तिनं सरळ ‘नाही’ म्हटलं असतं. पण ब्रेक म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? त्यातून तिचं माहेर चिपळूणचं, म्हणजे कुंभार्ली घाट ठरलेलाच. ती मला म्हणाली, ‘तू चार लोकांत वावरतेस, जरा विचारून तर बघ. पैशाचं काही नाही गं, पण हे बरोबर आहे का, एवढंच मला कळू दे.’ मग मी आमच्या गावातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले, शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या आमच्या एका नातलगांना विचारलं, आणि मिळालं ते वाचून काढलं.

आधी ड्रम आणि डिस्क म्हणजे काय ते बघू. आपली साधी सायकल आठवा. ब्रेक दाबला की दोन रबरी गुटके चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात. डिस्क ब्रेक हा तसाच. चाकाबरोबर एक जाड बिडाची थाळी फिरत असते, तीच डिस्क. कॅलिपर नावाची चिमटी तिला दोन पॅडमध्ये दाबून धरते. ड्रमचं उलट आहे. चाकाबरोबर एक बिडाचा डबा फिरतो. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू असतात, त्यांच्यावर लायनर चिकटवलेलं असतं. ब्रेक दाबला की हे शू फाकतात आणि डब्याला आतून घासतात. एवढंच.

बीड म्हणजे आपला घावनाचा तवा ज्याचा असतो तेच. कोल्हापूरच्या आसपास, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत गाड्यांसाठी बिडाचं ओतकाम होतं, हे आपल्या भागातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. किती घरांची चूल त्यावर पेटते!

आता डबा आणि तवा यांतला फरक बघा. तवा उघडा, त्याला वारा लागतो, लवकर निवतो. डबा बंद, त्यात उष्णता कोंडून राहते. आणि ब्रेकचा सगळा खेळ उष्णतेचाच आहे. गाडीचा वेग कुठे जातो? तो उष्णता होतो. मी हिशेब मांडून बघितला. माणसं आणि सामान धरून तेराशे किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरच्या वेगात असताना थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात एक लिटर गार पाणी उकळतं. गॅसवर त्याला पाच-सहा मिनिटं लागतात, ब्रेक ते काम चार सेकंदांत करतो! वेग दुप्पट केला तर उष्णता चौपट. आणि घाटात तर गाडी पुनःपुन्हा थांबवत उतरायची असते, म्हणजे निवायला फुरसतच नाही. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे डबा मोठा होतो आणि आतल्या शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जायला लागतं. लायनर जास्त तापलं की त्याची पकडही कमी होते. डिस्क तापून फुगली तरी पॅडच्या बाजूलाच फुगते. शिवाय ड्रममध्ये पाणी शिरलं की ते लवकर निघत नाही, डिस्कवरचं पाणी पुसून निघतं. तेव्हा मुलगा डिस्कला चांगलं म्हणत होता ते काही खोटं नव्हतं.

या ब्रेकच्या गोष्टीत एक बाई आहे, आणि तिला वगळून पुढे गेले तर मला चैन पडणार नाही. बर्था बेंझ. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणारी गाडी बनवली, त्यात बर्थाच्या माहेरचा पैसा घातलेला होता. गाडी तयार झाली, पण लोक विकत घेईनात. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन निघाली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी गेली. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता! वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन संपलं तेव्हा विसलॉख गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजत चाललेत हे लक्षात आल्यावर तिनं एका चांभाराकडून ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनरची सुरुवात ही अशी झाली. आज जगातल्या प्रत्येक गाडीत जे लायनर आणि पॅड झिजतात, त्यांची आजी म्हणजे ते चामडं. तेव्हा ‘बाईला ब्रेकमधलं काय कळतं’ असं कोणी म्हणालं तर हे सांगायला हरकत नाही.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक बनवला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. म्हणजे दोघं जुळी भावंडंच म्हणा ना! पण पन्नास वर्षं राज्य केलं ते ड्रमनं. मग १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीच्या गाड्या चारी चाकांना डिस्क लावून उतरल्या आणि पहिला, दुसरा आणि चौथा नंबर घेऊन गेल्या. तासन् तास त्याच ब्रेकनं थांबवायचं, ड्रम तापून मलूल व्हायचे आणि डिस्क टिकायच्या. तेव्हापासून वेगवान गाडी आणि डिस्क ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली. १९५५ मध्ये आलेल्या सिट्रोएनच्या ‘डीएस’ या नावाजलेल्या गाडीत डिस्क आल्या, पण फक्त पुढे. मागे ड्रमच ठेवले होते.

असं का? इथंच सगळी मेख आहे.

एसटीत उभ्यानं प्रवास केलेल्या कुणालाही हे माहीत आहे. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळी माणसं पुढे. गाडीचंही तेच होतं. ब्रेक दाबला की तिचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. इंजिन पुढे असलेल्या गाडीत थांबवण्याचं निम्म्याहून पुष्कळ जास्त काम पुढचे ब्रेक करतात. मागच्यांचा वाटा लहान. मग एवढ्या लहान कामाला ड्रम पुरतो. तो स्वस्त पडतो, आणि हँडब्रेकसाठी तर फार सोयीचा. चाक फिरत असताना त्यातला एक शू पाचरीसारखा आपोआप आणखी आवळला जातो, त्यामुळे कमी जोरात जास्त पकड मिळते. दाराखाली पाचर सारतो आणि दार लोटलं की ती जास्तच घट्ट बसते ना, तसं. आणि ड्रम म्हणजे जुनाट, मागासलेला असंही नाही बरं का. फोक्सवॅगननं २०२० च्या सुमारास आणलेल्या ‘आयडी’ मालिकेतल्या आयडी ३ आणि आयडी ४ या विजेच्या गाड्यांना मागे मुद्दाम ड्रमच दिले. तिथं मोटारच गाडीचा वेग कमी करते, मागचा ब्रेक फारसा वापरात येत नाही, आणि न वापरलेल्या उघड्या डिस्कला गंज धरतो.

आता एक खेळ करून बघा. घरात मुलांची खेळण्यातली गाडी असेल तर तिची पुढची दोन चाकं सेलोटेपनं पक्की बांधा, फिरणार नाहीत अशी. पोळपाट तिरका धरून त्यावरून गाडी सोडा. ती घसरत का होईना, सरळ खाली येते. आता पुढची सोडा आणि मागची दोन चाकं बांधा. गाडी खाली येता येता गर्रकन फिरते आणि शेपूट पुढे करून येते! खऱ्या गाडीचंही असंच असतं. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली, तर गाडी स्वतःभोवती फिरते. ओल्या रस्त्यावर, वळणावर, समोरून ट्रक येत असताना हे काय असेल ते मी लिहीत नाही.

म्हणून गाडी बनवणारे पुढचा आणि मागचा जोर मोजूनमापून वाटून देतात. मागच्या चाकांकडे ब्रेक ऑइलचा जो दाब जातो, तो ठराविक मर्यादेनंतर कमी करणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो त्या गाडीच्या ड्रमच्या मापानं बसवलेला. तुम्ही ड्रम काढून डिस्क लावली की हे माप चुकतं. लहान कॅलिपर लावला तर मागचा ब्रेक आधीपेक्षाही कमी लागेल, कारण डिस्कला ती पाचरीची मदत नसते. म्हणजे अठ्ठावीस हजार घालून ब्रेक कमी केला! मोठा कॅलिपर लावला तर मागची चाकं आधी जाम होतील. दोन्हींच्या मधलं बरोबर माप अंदाजानं सापडत नाही.

हे काम जगात कुठे नीट होतच नाही असं मात्र नाही. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय नावाची गाडी १९७६ मध्ये आली. लहानशी, हलकी, ११० अश्वशक्तीची, आणि तिलाही पुढे डिस्क, मागे ड्रम. तिच्या दुसऱ्या पिढीला कंपनीनंच मागे डिस्क दिल्या. मग जर्मनी-इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी दुसऱ्या पिढीच्या गाडीचे भाग पहिल्या पिढीच्या गाडीला लावायला सुरुवात केली. दोन्ही एकाच घराण्यातल्या, त्यामुळे ते बसतात. पण काय काय बदलावं लागतं ऐका. नुसती थाळी आणि चिमटी बदलून भागत नाही. चाक ज्यावर फिरतं तो आस, कॅलिपर धरणारी ब्रॅकेट, ब्रेकच्या लवचिक नळ्या, हँडब्रेकच्या केबली, सगळं डिस्कवाल्या गाडीचं लागतं. कॅलिपरला ऑइल जास्त लागतं म्हणून पुष्कळ जण मास्टर सिलिंडरही मोठा घालतात. आणि दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हचा वेगळा विचार करावा लागतो. जर्मनीत तर एवढं केल्यावर गाडी अधिकृत तपासनिसाला दाखवायची, त्यानं पास केली की कागदपत्रांत नोंद करायची, मगच ती रस्त्यावर आणायची. आणि इतकं करूनही मागच्या कॅलिपरचा हँडब्रेकचा भाग पावसाळी हवेत चिकटून बसतो, ही तिथल्या मालकांची नेहमीची तक्रार.

आमच्या गावाकडे काय ठरलं होतं? मुलगा मला म्हणाला, ‘मावशी, दुसऱ्या गाडीचे कॅलिपर मिळतात जुन्या बाजारात. ब्रॅकेट लेथवर बनवून घ्यायची.’ मी विचारलं, ‘आणि तो दाबाचा व्हॉल्व्ह?’ तो म्हणाला, ‘आहे तोच राहील.’ ‘हँडब्रेक?’ ‘तो नंतर बघू म्हणालेत.’ मी मिस्त्रीकाकांना हे सांगितलं तेव्हा ते हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, ‘वहिनी, हँडब्रेक नंतर बघू म्हणणाऱ्याला आधी त्याच गाडीत बसवून घाटात चढावर उभं करा.’ मला ते पटलं. चढावर मागे मोठी रांग लागलेली असताना हँडब्रेकशिवाय गाडी उचलून दाखवा बघू!

अशा वेळी गॅरेजवाल्याला काय विचारायचं, ते मी मैत्रिणीला लिहूनच दिलं होतं. हे कॅलिपर कुठल्या गाडीचे, आणि त्या गाडीचं वजन आपल्या गाडीएवढं आहे का? हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये आहे की डिस्कच्या आत छोटा ड्रम आहे, की काहीच नाही? मागच्या दाबाचं काय करणार? ब्रॅकेट कशाची, वेल्डिंगची की एका अखंड तुकड्यातून कापलेली? काम झाल्यावर गाडी कुठे आणि कशी तपासणार? आणि एक खास मिस्त्रीकाकांकडचा प्रश्न. हँडब्रेक असलेल्या पुष्कळ मागच्या कॅलिपरचा पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत घालावा लागतो. नवे पॅड घालताना तो कसा आत घालता, एवढं विचारायचं. ‘शिकंज्यात दाबतो’ असं उत्तर आलं की समजायचं, यानं हे काम केलेलं नाही.

मैत्रीण गेली आणि विचारून आली. तिसऱ्या प्रश्नालाच गॅरेजवाला म्हणाला, ‘ताई, तुम्हाला यातलं कळणार नाही, मुलाला पाठवा.’

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात बेकायदा बदलासाठी दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. ही गाडी तर पंधरा वर्षं उलटून गेलेली. म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासायला न्यायची. आरटीओत आधी लेखी विचारून घेतलेलं बरं. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात कसा अंगाशी येतो, हे अपघात झालेल्या घरांत गेल्यावर समजतं. घरातला माणूस अंथरुणाला खिळलेला आणि हातात कंपनीचं नकाराचं पत्र. अशी पत्रं मी वाचून दाखवलेली आहेत.

पण मुलाला नुसतं ‘नको’ म्हणून कसं चालेल? त्याची तक्रार खरी होती. घाटात पेडल खाली जातं, गाडी थोडी एका बाजूला ओढते. मिस्त्रीकाका म्हणाले, ‘आधी आहे ते उघडून तर बघू.’ मागचे ड्रम काढले. डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर गळत होता, लायनर ऑइलनं भिजून चिंब. म्हणजे मागचा ब्रेक एकाच चाकाला लागत होता! ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं. गाडी घेतल्यापासून कुणी बदललंच नव्हतं आणि आधीच्या मालकानं कधी बदललं होतं देव जाणे.

या ब्रेक ऑइलबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण याकडे कुणी बघत नाही. पावसाळ्यात मीठ जसं पाणी धरतं, तसं हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट-३ ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरला की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल दाबलं की ते नुसतं खाली जातं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. ड्रम असो की डिस्क, दोघांनाही हे सारखंच लागू. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, असं सगळेच जाणकार सांगतात. आपण लोणच्याची बरणी ओल्या हातानं कुणाला उघडू देत नाही, आणि हे मात्र वर्षानुवर्षं तसंच!

दुसरी गोष्ट टायरची. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर. तुमचा आत्ताचा ब्रेक जर चारी चाकं जाम करू शकत असेल, तर आणखी मोठा ब्रेक लावून ती गाडी एका थांबण्यात लवकर थांबत नाही. डिस्कचा फायदा कळतो तो पुनःपुन्हा, तापेपर्यंत ब्रेक मारावे लागतात तिथं. शर्यतीच्या ट्रॅकवर रोज जाणारा असेल, सगळं सामान एकाच जुळणाऱ्या गाडीचं घेणारा असेल, कागदं नीट करणारा असेल, त्यानं खुशाल करावं. मी त्याच्या हौसेला नावं ठेवणार नाही. पण आठवड्यातून एकदा चिपळूणला जाणाऱ्यानं आधी टायरची नक्षी बघावी. मुलाच्या गाडीचे मागचे टायर चकाचक गुळगुळीत होते.

शेवटी दोन्ही व्हील सिलिंडर, मागचे लायनर, पुढचे पॅड, लवचिक नळ्या आणि ऑइल असं सगळं नवं झालं. साडेसात हजार लागले. चार टायर वेगळे. मुलगा सुरुवातीला तोंड फुगवून होता. मिस्त्रीकाकांनी त्याला बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात नेलं, चाळीसच्या वेगानं जोरात ब्रेक मारायला लावलं. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ थांबली. घाट कसा उतरायचा तेही सांगितलं. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर सारखा पाय ठेवायचा नाही, थोडा दाबायचा आणि सोडून निवू द्यायचा. हे स्कूटीवाल्यांना करता येत नाही, तिला आपला आपण गिअर टाकता येत नाही. म्हणून घाटात स्कूटी घेऊन जाणाऱ्या मुलींनी वेग आधीपासूनच कमी ठेवावा, आणि ब्रेकची लिव्हर हँडलपर्यंत यायला लागली की त्याच दिवशी मिस्त्रीकडे जावं. पाच मिनिटांत ॲडजस्ट करून देतात.

आता एक गोष्ट राहिली, आणि ती थेट आपल्या मोरीतली आहे. ड्रम उघडला की त्यातून काळी भुकटी पडते, लायनर झिजून झालेली. गॅरेजमधली पोरं ती कॉम्प्रेसरच्या हवेनं फूऽऽ करून उडवतात. जुन्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर पुष्कळ वर्षांनी, कधीकधी तीस-चाळीस वर्षांनी, कॅन्सर होऊ शकतो. आणि हा रोग फक्त कामगारांना झाला असं नाही. परदेशात ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत आणि गोदीत काम करणाऱ्यांच्या बायकांनाही तो झाल्याची नोंद आहे. त्या कारखान्यात कधी गेल्या नव्हत्या, त्यांनी फक्त नवऱ्याचे कपडे झटकून धुतले होते. आता ॲस्बेस्टॉस नसलेले लायनर मिळतात, खोक्यावर तसं लिहिलेलंही असतं. पण जुन्या गाडीच्या ड्रममध्ये पूर्वी कुणी काय बसवलं होतं, हे सांगता येत नाही.

ज्यांच्या घरातली माणसं गॅरेजात काम करतात, त्या बायकांनी एवढं करावं. कामाचे कपडे घरात आणून झटकायचे नाहीत. बाहेरच काढून, कोरडे न चोळता सरळ बादलीत बुडवायचे आणि लेकरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. आणि ड्रम उघडल्यावर भुकटी हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका, असं नवऱ्याला सांगायचं. मिस्त्रीकाकांच्या दुकानात मी हे बोलले तेव्हा आतून त्यांची सून बाहेर आली आणि म्हणाली, ‘मग आत्तापर्यंत धुतलेल्या कपड्यांचं काय हो, ताई?’ तिला मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात छातीच्या तपासणीला घेऊन जाणार आहे, येत्या बुधवारी. मिस्त्रीकाकांनाही चला म्हटलंय. ते अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत.